भूमीतले धन आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला विषय कोणता ठेवावा, याचा खल कार्यकारिणीत चालला होता तेव्हा कोणी आहार सुचविला, कोणी मुलांचा अभ्यास सुचविला. शेवटी आपल्या चिटणीसबाई मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही जन्मभर शाळेत इतिहास शिकविलात, तेव्हा या खेपेला तुम्हीच बोला. मात्र सनावळ्या सांगून आम्हांला झोपवू नका." मी म्हटले, "सोन्यावर बोलते. मग कोण झोपते ते पाहू." आज सभागृह भरलेले दिसते आहे त्याचे श्रेय माझ्या वक्तृत्वाला नसून विषयाला आहे, हे मी जाणून आहे.

परंतु मी ज्या सोन्याविषयी बोलणार ते सराफाच्या पेढीवरचे नव्हे. शेकडो वर्षे जमिनीत पडून राहिलेले आणि मग कोणाच्या तरी फावड्याला लागलेले असे जे धन असते, त्याचे पुढे काय होते, काय व्हावे, आणि त्यात तुमचा-माझा संबंध काय, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम जरा दूरची गोष्ट सांगते. कोलंबसाने १४९२ साली अमेरिकेच्या किनाऱ्याला पाय लावला, त्याच्या कितीतरी आधीपासून त्या खंडात मोठी राज्ये होती. दक्षिणेकडे आज ज्याला पेरू म्हणतात तेथे इंका राजे होते. आज ज्याला कोलंबिया म्हणतात तेथे मुइस्का, किंबाया अशा जमाती होत्या. या लोकांना लोखंड ठाऊक नव्हते, पण सोन्याच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. विशेष हे की सोने म्हणजे पैसा, ही कल्पनाच त्यांच्याकडे नव्हती. सोने हे सूर्याचे, देवाचे, सरदाराच्या मानाचे. बाजारात जाऊन सोने देऊन धान्य आणावे असा त्यांचा व्यवहार नव्हता.

१५३२ साली स्पेनचा पिझारो मूठभर शिपाई घेऊन पेरूत उतरला आणि त्याने इंका राजा अताहुआल्पा याला कपटाने कैद केले. राजाने सुटकेसाठी एक मोठी खोली हात पोचेल तेथवर सोन्याने भरून देण्याचे कबूल केले. राज्याच्या कानाकोपऱ्यातून देवळांचे पत्रे, भांडी, मूर्ती, दागिने येऊ लागले. पुढल्या साली भट्ट्या पेटल्या आणि ते सारे वितळवून विटा पाडण्यात आल्या. सोने भरले सुमारे सहा टन. राजाला मात्र सोडले नाही. त्याला मारून टाकले. त्या सहा टनांत काय काय होते, कोणत्या कारागिराच्या हातचे होते, हे आज जगात कोणालाही सांगता येणार नाही. विटेला इतिहास नसतो.

याच्या थोडे आधी, १५२० साली, मेक्सिकोहून आलेल्या अशाच काही सोन्याच्या वस्तू ब्रुसेल्स शहरात मांडल्या होत्या. ड्यूरर नावाचा मोठा जर्मन चित्रकार त्या पाहण्यास गेला. तो स्वतः सोनाराचा मुलगा. सोन्याची पारख त्याला घरातूनच. आपल्या रोजनिशीत त्याने लिहून ठेवले आहे की, मन इतके प्रसन्न करील असे काही आपण आयुष्यात पाहिले नव्हते. त्याने पाहिलेल्या त्या सोन्याच्या वस्तूही पुढे उरल्या नाहीत.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू ऐका. कोलंबियाच्या सरकारी बँकेचे एक काम म्हणजे खाणीतले, नदीतले सोने विकत घेऊन त्याच्या विटा करणे. जुन्या थडग्यांतून चोरून काढलेले दागिनेही लोक वितळवून वजनावर विकीत. १९३९ साली या बँकेने किंबाया कारागिरांनी घडविलेला एक सोन्याचा चंबू विकत घेतला आणि तो भट्टीत न टाकता जपून ठेवावयाचे ठरविले. कोकाची पाने चघळताना त्यांच्याबरोबर चुना खाण्याची तिकडे रीत होती. त्या चुन्याचे हे पात्र. आपल्याकडच्या पानदानातल्या चुनाळ्यासारखेच म्हणा ना! त्या एका चुनाळ्यापासून बोगोटा शहरातले सुवर्णसंग्रहालय उभे राहिले. आज तेथे तीस हजारांहून अधिक सोन्याच्या वस्तू आहेत आणि जगातून लोक त्या पाहण्यास येतात. बँकेने तो चंबू वितळविला असता तर किती पैसे आले असते, याचा हिशेब आज कोणी काढीतही नसेल.

त्या संग्रहालयातला सर्वांत प्रसिद्ध नग म्हणजे सोन्याचा एक तराफा. लांबी जेमतेम वीतभर. मध्ये उंच बसलेला सरदार, भोवती त्याचे मानकरी. नवा सरदार गादीवर येताना अंगाला सोन्याची पूड माखून तराफ्यावरून सरोवराच्या मध्यावर जाई आणि देवाला सोने अर्पण करी, अशी हकीकत स्पॅनिश लोकांनी ऐकली होती. 'एल दोरादो', म्हणजे सोन्याने मढलेला पुरुष, ही दंतकथा त्यातूनच निघाली, आणि तिच्यामागे धावून कित्येकांनी प्राण गमावले. १९६९ साली पास्का गावाजवळच्या एका गुहेत शेतकऱ्याला हा तराफा सापडला. गावच्या पाद्रीबाबांना त्याचे महत्त्व कळले व तो संग्रहालयात आला. असाच एक तराफा त्याआधी १८५६ साली दुसऱ्या एका सरोवरात सापडला होता. तो हातोहात विकला गेला, जर्मनीत नेताना बंदरात आग लागली आणि नष्ट झाला. दोन तराफे, दोन्ही सामान्य माणसांना सापडलेले. एक सगळ्या देशाचे भूषण झाला, दुसऱ्याची फक्त आठवण उरली.

तुम्ही म्हणाल, हे सारे सात समुद्रांपलीकडचे. आमच्या बीड जिल्ह्याला त्याचे काय? म्हणून आता घराकडे वळते.

तो तराफा ज्या रीतीने घडविला ती रीत आपल्याला परकी नाही. आधी मेणाची वस्तू करावयाची, तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, भट्टीत तापवून मेण वितळवून काढावयाचे आणि आत जी पोकळी राहील तीत धातूचा रस ओतावयाचा. माती फोडली की वस्तू हाती येते. एका साच्यातून एकच वस्तू. दुसरी हवी तर पुन्हा मेणापासून सुरुवात. याच विधीने आपल्याकडचे कारागीर देवांच्या मूर्ती ओतीत आले, आणि हा विधी बाराव्या शतकात 'मानसोल्लास' या ग्रंथात लिहून ठेवला गेला. तो ग्रंथ लिहिणारा राजा सोमेश्वर हा कल्याणीचा चालुक्य. त्या काळी आपला हा मुलूख त्याच घराण्याच्या सत्तेखाली होता. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन खंडांतल्या कारागिरांना एकच युक्ती सुचली, याचे मला मोठे नवल वाटते.

आणखी एक गंमत. तिकडचे कारागीर पुष्कळदा निम्मे-शिम्मे तांबे मिसळलेले सोने वापरीत. वस्तू तापविली की वरचे तांबे काळे पडे. मग वनस्पतीच्या आंबट रसाने तो काळा थर काढून टाकीत. असे पुन्हा पुन्हा केले की वर केवळ सोने राही आणि वस्तू बावनकशी दिसे. आपण चिंच लावून देवाचा तांब्या घासतो तेव्हा हीच विद्या वापरतो. फक्त खाली सोने निघत नाही, एवढेच.

आता प्रत्यक्ष आपल्या शेजारी या. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण सर्वजणी ते ओळखतो. कित्येकींनी तेथे दर्शनही घेतले असेल. हेच प्राचीन काळचे 'तगर'. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या प्रवासाची टिपणे लिहिली. त्यात तो म्हणतो की, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे आणि तेथून तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून, भडोचच्या बंदराला जाते. घरी गेल्यावर मुलांचा नकाशा उघडा, पैठण आणि तेर यांच्यामध्ये एक सरळ रेघ ओढा. ती रेघ बरोबर बीड शहराजवळून जाते. म्हणजे ज्या गाड्यांनी रोमला कापड पोचविले त्यांच्या बैलांनी आपल्याच मुलुखात कोठेतरी पाणी प्यालेले असणार.

या कापडाच्या बदल्यात रोमचे सोने इकडे येई. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने तर तक्रारच केली आहे की, हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी नाणी शोषून घेतो. आणि दुसऱ्या ठिकाणी या साऱ्या पौर्वात्य चैनीचा दोष त्याने बायकांच्या माथी मारला आहे. पुरुषांची ही सवय दोन हजार वर्षांची आहे, याची बंधूंनी नोंद घ्यावी!

तेरच्या रहिवाशांपैकी रामलिंगप्पा लामतुरे नावाचे एक गृहस्थ होते. पावसाळ्यात गावची पांढर धुपली की मणी, नाणी, मातीची खेळणी वर येत. पोरे ती गोट्यांसारखी खेळत, मोठी माणसे तुडवून जात. रामलिंगप्पांनी ती वेचावयास आणि लोकांकडून मिळवावयास सुरुवात केली. ते पुराणवस्तूंच्या खात्यातले अधिकारी नव्हते. त्यांच्यापाशी होती ती आवड आणि चिकाटी. त्यांनी वर्षानुवर्षे जमविलेला संग्रह पुढे शासनाकडे आला आणि आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेर गावातच आहे.

मी ते पाहून आले आहे. तेथे सोन्याची लखलख नाही, हे आधीच सांगते. नाहीतर सहलीला येऊन माझ्या नावाने बोटे मोडाल. तेथे शंखाच्या बांगड्या आहेत, काचेचे आणि रंगीत खड्यांचे मणी आहेत, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत. आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. ओंजळीत मावेल एवढी, पण तिचे केस, कमरेची मेखला, हातापायांतले दागिने इतके बारीक कोरले आहेत की आपण काचेला नाक लावून पाहत राहतो. आरशाची मूठ म्हणून ती वापरीत असावेत, असे जाणते म्हणतात.

हिच्यासारखीच एक मूर्ती इटलीत सापडली आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटून पाँपेई शहर राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथल्या एका घराच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली; ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही याच घडणीच्या मूर्तीचा तुकडा मिळाला. त्यामुळे पाँपेईची ती बाई आपल्याच भागातून गेली असावी, असे पुष्कळ विद्वान मानतात. इटलीतल्या बाईच्या घरी आपल्याकडची मूर्ती होती, आणि आपल्याकडच्या बाईच्या गळ्यात काय होते? तेही ऐकण्यासारखे आहे. तेरला आणि दक्षिणेतल्या इतर जुन्या शहरांत रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळतात. बादशहाचा मुखवटा हुबेहूब, आणि वर दोरा ओवावयाला भोक. खरे रोमन सोने जिला परवडत नव्हते ती मातीची पुतळी गळ्यात घालून मिरवीत होती!

पुतळी म्हटल्यावर तुमच्या ध्यानात आले असेल. आपली पुतळ्यांची माळ ही मुळात नाण्यांचीच माळ. व्हेनिस शहराची सोन्याची नाणी आपल्याकडे येत, त्यांवरच्या माणसांच्या आकृतींमुळे त्यांना आपल्या लोकांनी 'पुतळी' नाव दिले, आणि पुढे आपले सोनार तशाच चकत्या घडवू लागले. म्हणजे परदेशचे नाणे गळ्यात घालण्याची हौस तेरच्या त्या बाईपासून आपल्या आजीपर्यंत अखंड चालत आलेली आहे. हे मला कोणत्या खजिन्यावरून कळले? कवडीमोलाच्या मातीच्या एका चकतीवरून. कोणी ती फेकून दिली असती तर ही गोष्टच आपल्याला ठाऊक झाली नसती.

भूमीतल्या वस्तूचे खरे मोल तिच्या वजनात नसते, हे यावरून तुम्हांला पटेल. ती कोठे सापडली, किती खोल, शेजारी काय होते, हे सारे मिळून ती बोलू लागते. म्हणूनच ती कोणी गुपचूप उकरून बाजारात नेली की अर्धी मुकी होते; आणि वितळविली की संपलीच. माझ्या माहेरच्या गावी एका घराचा पाया खणताना नाण्यांनी भरलेले तांब्याचे गाडगे निघाले होते. मी तेव्हा लहान होते. आठ दिवस गावात कुजबुज चालली, मग ती नाणी कोणा सोनाराच्या मुशीत गेली. ती चांदीची होती की सोन्याची, त्यांवर कोणाचे नाव होते, हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही. ज्याला ती मिळाली त्याच्या घरात त्यामुळे सुख आले असेही नाही. वाटणीवरून भावांत जे वितुष्ट आले ते त्यांच्या हयातीत मिटले नाही.

याच्या उलट दायमाबादचे उदाहरण पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी हे गाव आहे. १९७४ साली तेथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार ब्राँझच्या वस्तू लागल्या: बैलजोडीचा रथ व त्यात उभा सारथी, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. भंगार म्हणून त्या मोडीत गेल्या असत्या तर चार पैसे आले असते. त्या वाचल्या, आणि आज हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची चित्रे छापली जातात. त्या काठच्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी एवढे मोठे काम केले होते, हे जगाला कळले ते एका गरीब माणसाच्या फावड्यामुळे.

आता कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण पुष्कळांची समजूत अशी की, कळविले तर सरकार सारे घेऊन जाते आणि वर चौकशीचा ससेमिरा लागतो. १८७८ सालचा भूमिगत धनाचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावयाचे. खरा मालक कोणी पुढे आला नाही तर, दुसरा काही करार नसेल तेव्हा, तीन-चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक-चतुर्थांश जागेच्या मालकाचे. सरकारला ती वस्तू हवी असेल तर तिच्या धातूची किंमत आणि वर एक-पंचमांश अधिक देऊन सरकार ती घेऊ शकते. लपवून ठेवले तर मात्र आपला हिस्सा जातो आणि शिक्षाही होते. याखेरीज १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी इत्यादी पुराणवस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाहीत. तेव्हा कळविणारा बुडतो ही समजूत चुकीची आहे.

आणखी एका गोष्टीविषयी आज मला स्पष्ट बोललेच पाहिजे. आपल्या भागात 'गुप्तधन' या एका शब्दाने कित्येक घरे धुळीला मिळाली आहेत. कोणी तरी भगत येतो, घरात धन आहे म्हणतो, अमावास्येला पूजा मांडतो, आणि त्या पूजेत बळी जातो तो बहुधा घरातल्या बाईचा नाहीतर पोराचा. कधी पैशांनी, कधी अब्रूने, आणि कधी खरोखरीच प्राणांनी. २०१३ साली महाराष्ट्राने नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला. गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार त्या कायद्याने गुन्हा ठरविले आहेत आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. भगिनींनो, धन दाखविणारा मांत्रिक दारात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. शेजारणीला हाक मारा आणि पोलिसांना कळवा. जमिनीत काय आहे हे पायाळू माणसाला कळत नाही, काजळ घातलेल्या पोरालाही दिसत नाही. ते कळते शिकलेल्या माणसाने थर मोजून खणल्यावर.

इतके ऐकल्यावर कोणी विचारील, "बाई, मग आम्ही आमचे दागिने संग्रहालयात द्यावेत का?" मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यात सोने ही चैन नव्हे, हे मला ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात माझ्या आजीने आपली पुतळ्यांची माळ मोडली, त्यातून घरची जनावरे जगली. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींच्या अंगावरचा एखादा मणी हीच त्यांची बँक असते. अडचणीच्या वेळी डाग मोडणाऱ्या बाईला इतिहासाच्या गोष्टी सांगणे हा निर्दयपणा होईल. परंतु कित्येकदा अडचण नसते. केवळ फॅशन बदलली म्हणून आजीची वज्रटीक, बोरमाळ किंवा वेलाच्या जुन्या घडणीची बुगडी मोडून नवा डाग करतात. तेथे मात्र माझी विनंती आहे की, मोडण्याआधी क्षणभर थांबा. त्याचा एक चांगला फोटो काढा, त्याचे नाव, तो कोणी कोणाला कोणत्या लग्नात घातला, कोणत्या गावच्या सोनाराने घडविला, एवढे वहीत लिहा. माझ्या आजीच्या माळेत पुतळ्या किती होत्या, हेही आज आमच्या घरात कोणी सांगू शकत नाही. माळ गेली याचे दुःख नाही, कारण ती योग्य कारणाला गेली. तिची नोंद राहिली नाही याचे दुःख आहे.

आणि हे सोन्यापुरते नाही. आपल्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या सत्पुरुषाने कागदावर न लिहिता कापडाच्या लांबलचक पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले, आणि ती पासोडी आजवर टिकली. एवढ्या वर्षांत दुष्काळ पडले, राज्ये बदलली, उंदीर-वाळवी होतीच. तरी ती राहिली, कारण पिढ्यान्पिढ्या कोणी तरी ती घडी घालून, ऊन दाखवून, जपून ठेवली. असले काम कोणाच्या हातून होते ते तुम्हांला सांगावयास नको. धर्मापुरीच्या केदारेश्वराच्या भिंतीवर लिहीत उभी असलेली एक सुंदरी कोरली आहे. तिकडे गेलात तर तिला अवश्य पाहा. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने बाईच्या हाती लेखणी दिली. आज आपल्या हाती ती असूनही आपण आपल्याच घरची नोंद करू नये, हे बरे नव्हे.

मघाशी मी बोगोटाचे कौतुक केले, पण त्यांच्याही वाट्याला हानी आली आहे. किंबाया लोकांच्या एका मोठ्या ठेव्यातले शंभरावर नग तिथल्याच एका राष्ट्राध्यक्षाने १८९३ साली स्पेनच्या राणीला भेट दिले. आज ते माद्रिदला आहेत. ते परत मागण्यासाठी प्रयत्न करावेत, असे तिथल्या न्यायालयाने २०१७ साली आपल्याच सरकारला बजावले. एकदा गेलेली वस्तू परत आणणे असे कठीण असते. म्हणून तेरचे मला विशेष वाटते. तेरची मूर्ती तेरमध्येच राहिली. शेतातून परतणारी बाई तिकडे डोकावून आपल्याच पांढरीतून निघालेली ती मूर्ती पाहू शकते. मोठी संग्रहालये मोठ्या शहरांत हवीतच, पण वस्तू जिथली तिथल्या माणसांच्या नजरेसमोर राहणे, याचे समाधान वेगळे.

आता बोलणे आवरते घेते. नुसते व्याख्यान देऊन जाणे मला पटत नाही, म्हणून मंडळापुढे चार सूचना ठेवते. पहिली, यंदाची सहल तेरला काढावी. सकाळी लवकर निघालो तर गोरोबाकाकांचे दर्शन, संग्रहालय आणि विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर पाहून रात्रीपर्यंत घरी येता येईल. दुसरी, मंडळाने एक जाड वही घालावी आणि प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंची, दागिने, पोथी, पाळणा, पानदान, जाते, जे असेल त्याची, माहिती तीत लिहावी. मात्र सोन्याचे वजन आणि ते घरात कोठे ठेवले आहे हे लिहू नये. वही सर्वांच्या हाती जाणार आहे! तिसरी, विहीर, पाया किंवा शेत खणताना काही निघाले तर हात न लावता तहसील कचेरीत कळवावे, हे आपल्या नवऱ्यांना, दिरांना व गड्यांना आपण सांगावे. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेताना तीत मणी, खापरे, नाणी दिसली तरीही असेच करावे. आणि चौथी, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणावी आणि तिची गोष्ट दोन वाक्यांत सांगावी. रामलिंगप्पांनी तरी याहून वेगळे काय केले? त्यांनी मणी वेचले. आपण आठवणी वेचू.

 मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो आणि पुढच्या वर्धापनदिनी ती जाड वही भरलेली पाहण्याचा योग येवो, अशी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेते.